पांढऱ्या पेशी वाढविणारे इंजेक्शन : उपयोग आणि दक्षता

कर्करोगावरील उपचारांत गेल्या काही दशकांत जी प्रगती झाली, तिच्यात प्रत्यक्ष रोगावर मारा करणाऱ्या औषधांइतकेच महत्त्व रुग्णाला सावरून धरणाऱ्या औषधांना आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी वाढविणारे ‘फिलग्रास्टिम’ हे इंजेक्शन अशा औषधांपैकी एक होय. पूर्वी ते मोठ्या रुग्णालयातच दिले जाई. आता मात्र केमोथेरपीचा डोस घेऊन घरी परतणाऱ्या रुग्णाकडेच त्याच्या कुप्या सोपविल्या जातात, आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेली कुपी सत्तरीतील अथवा काणकोणातील एखाद्या वाड्यावर जाऊन पोहोचते. साहजिकच ती नीट सांभाळण्याची व वेळेवर टोचून घेण्याची जबाबदारी रुग्णाच्या घरच्या मंडळींवर येऊन पडते. त्यांना या औषधाचे स्वरूप ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक आहे.

पेशी कमी का होतात?

माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात सर्वसाधारणपणे 4,000 ते 11,000 पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी ‘न्यूट्रोफिल’ नावाच्या पेशी म्हणजे शरीराचे पहिल्या फळीतील शिपाई. रोगजंतू शिरले की प्रथम त्याच धाव घेतात. त्यांचे रक्तातील आयुष्य मात्र फार थोडे, जेमतेम काही तासांचे ते एखाद्या दिवसाचे असते. ही झीज भरून काढण्यासाठी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा दररोज सुमारे दहा हजार कोटी नवीन न्यूट्रोफिल तयार करीत असते.

केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्कपेशी झपाट्याने विभागतात, तशाच अस्थिमज्जेतील पेशीही. त्यामुळे रोगाबरोबर हा कारखानाही काही दिवस मंदावतो. डोस दिल्यानंतर साधारणतः 7 ते 14 दिवसांच्या काळात न्यूट्रोफिलची संख्या सर्वांत खाली जाते. ती 1,500 च्या खाली गेली की प्रतिकारशक्ती क्षीण होते आणि 500 च्या खाली गेल्यास साधा जंतुसंसर्गही प्राणावर बेतू शकतो.

औषधाचा शोध

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डोनाल्ड मेटकाफ व त्यांचे सहकारी यांनी 1960 नंतरच्या दशकात अस्थिमज्जेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याचे प्रयोग केले. या पेशींना वाढीचा आदेश देणारी काही द्रव्ये शरीरातच असतात, असे त्यांतून दिसून आले. न्यूट्रोफिल वाढविणारे मानवी द्रव्य ज्या जनुकामुळे तयार होते, ते 1986 मध्ये वेगळे करण्यात आले. तो जनुक एका जिवाणूत घालून हे द्रव्य मोठ्या प्रमाणावर बनविता येऊ लागले आणि 1991 मध्ये अमेरिकेत फिलग्रास्टिमला मान्यता मिळाली. आपल्या देशात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज या कंपनीने 2001 मध्ये ते बाजारात आणले. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारताच्या राष्ट्रीय यादीतही ते आहे.

हे टॉनिक नव्हे

‘रक्त वाढविणारे इंजेक्शन’ असा या औषधाविषयी पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. या औषधाने हिमोग्लोबिन वाढत नाही, प्लेटलेटही वाढत नाहीत. अशक्तपणा घालविण्याचा गुण त्यात नाही. डेंग्यूसारख्या तापात पांढऱ्या पेशी व प्लेटलेट दोन्ही उतरतात. म्हणून कुणी शेजाऱ्याकडे उरलेली कुपी रुग्णाला टोचू पाहील, तर त्यापासून लाभ नाही, अपाय मात्र संभवतो. ज्याच्या नावे औषध लिहून दिले असेल, त्यानेच ते घ्यावे.

वेळेचे बंधन

या औषधाच्या वापरात पहिली दक्षता वेळेची. केमोथेरपीचा डोस संपल्यानंतर 24 तास उलटण्यापूर्वी ते देऊ नये. पुढचा डोस सुरू होण्याआधीच्या 24 तासांतही देऊ नये. यामागील कारण सोपे आहे. हे इंजेक्शन अस्थिमज्जेतील पेशींना वेगाने विभागण्यास प्रवृत्त करते, आणि केमोथेरपी नेमक्या अशाच पेशींना मारते. दोन्ही एकाच वेळी दिल्यास नव्याने निघालेले पीक उगवताच कापले जाते.

प्रौढ रुग्णाला सामान्यतः वजनाच्या दर किलोमागे 5 मायक्रोग्राम या हिशेबाने रोज एक इंजेक्शन दिले जाते. 60 किलो वजनाच्या रुग्णासाठी हे प्रमाण 300 मायक्रोग्राम होते. आरंभीच्या एकदोन दिवसांत पेशींची संख्या एकदम चढते, ती पाहून काही जण ‘काम झाले’ असे समजून इंजेक्शन बंद करतात. हा चढ तात्पुरता असतो, कारण घसरणीचे दिवस अद्याप पुढेच असतात. औषध थांबविल्यास एकदोन दिवसांत संख्या निम्म्यावर येऊ शकते. म्हणून किती दिवस घ्यावयाचे, हे रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

याच औषधाचा ‘पेगफिलग्रास्टिम’ हा दुसरा प्रकार शरीरात अधिक दिवस टिकतो. प्रौढांसाठी 6 मिलिग्रामचे हे इंजेक्शन केमोथेरपीच्या प्रत्येक डोसामागे एकदाच देतात, आणि त्यानंतर पुढील केमोथेरपीपर्यंत किमान 14 दिवसांचे अंतर ठेवतात. दोन्ही नावे सारखी वाटतात, परंतु एक रोजचे आहे, तर दुसरे एकदाच घ्यावयाचे. कागदावरील नाव व कुपीवरील नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे.

थंडाव्याची काळजी

हे औषध म्हणजे एक नाजूक प्रथिन होय. ते 2 ते 8 अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. उष्णतेने ते बिघडते आणि गोठल्यानेही बिघडते. म्हणून कुपी फ्रीजच्या मधल्या फळीवर, मूळ खोक्यातच ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, आणि वारंवार उघडणाऱ्या दारातही ठेवू नये. जोराने हलविल्यानेही प्रथिनाची हानी होते, यास्तव सिरपाच्या बाटलीप्रमाणे ती हलवू नये.

इस्पितळातून गावी येताना कुपी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणावी. मात्र ती कपड्यात गुंडाळावी व बर्फाला प्रत्यक्ष टेकू देऊ नये. बसच्या खिडकीजवळ अथवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. पावसाळ्यात तारा तुटून वीज गेल्यास फ्रीजचे दार उघडू नये. औषध बाहेरच्या तापमानात किती वेळ टिकते, हे कंपनीपरत्वे बदलते व सोबतच्या माहितीपत्रकात दिलेले असते. गोठलेली, गढूळ झालेली अथवा आत कण दिसणारी कुपी वापरू नये.

घरी फ्रीज नसल्यास ही गोष्ट औषध घेतानाच डॉक्टरांना सांगावी. आरोग्य केंद्रातील लसींचा फ्रीज लसींसाठीच राखून ठेवलेला असतो व त्यात इतर औषधे ठेवण्यास मनाई असते; तेव्हा तेथे सोय होईलच असे गृहीत धरू नये. अशा वेळी शेजारच्या घरातील फ्रीज उपयोगी पडतो.

इंजेक्शन देताना

शक्यतो हे इंजेक्शन परिचारिकेकडून घ्यावे. घरच्या माणसाने द्यावयाचे असल्यास त्याने इस्पितळात ते शिकून घ्यावे. देण्यापूर्वी सुमारे अर्धा तास कुपी बाहेर काढून ठेवावी. ती गरम पाण्यात घालू नये. हात साबणाने धुवावेत. इंजेक्शन कातडीखाली द्यावयाचे असते. त्यासाठी मांडीचा पुढचा भाग, बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडून पोट, अथवा दंडाची मागची बाजू निवडावी व जागा दररोज बदलावी. एक कुपी एकदाच वापरावी, उरलेले औषध दुसऱ्या दिवसासाठी राखू नये. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये. ती जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकावी आणि भरलेला डबा आरोग्य केंद्रात नेऊन द्यावा. उकिरड्यावर फेकलेली सुई सफाई कामगाराच्या हाताला किंवा खेळणाऱ्या मुलाच्या पायाला लागते.

त्रास व धोक्याची चिन्हे

या इंजेक्शनानंतर कंबर, नितंब व हातपाय यांची हाडे दुखणे ही नेहमीची तक्रार आहे. मज्जेत काम वाढल्याचे ते लक्षण असून बहुधा काही दिवसांत थांबते. तथापि डाव्या बरगड्यांखाली अथवा डाव्या खांद्याच्या टोकाला तीव्र वेदना झाल्यास ती साधी हाडदुखी समजू नये. प्लीहा सुजून फुटण्याचा विरळ, परंतु प्राणघातक धोका त्यात असू शकतो. धाप लागणे, अंगावर गांधी उठणे, तोंड वा घसा सुजणे, अंगावर एकाएकी सूज येणे अथवा लघवी लाल होणे, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब इस्पितळ गाठावे.

सिकल सेलचा विकार असलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांपासून मुळीच लपवू नये. या औषधाने त्यांच्यात तीव्र वेदनांचा झटका उद्भवू शकतो व तो जिवावरही बेतू शकतो. विदर्भ, नंदुरबार, गुजरात व मध्य प्रदेश येथील आदिवासी समाजांत हा विकार अधिक आढळतो.

ताप आल्यास

सर्वांत महत्त्वाची सूचना तापाविषयीची आहे. ‘इंजेक्शन चालू आहे, आता काळजी नाही’ या समजुतीपायी रात्र घालविली जाते आणि उपचाराची अमूल्य वेळ निघून जाते. इंजेक्शनाने पेशी लवकर वर येतात हे खरे. परंतु त्या वर येईपर्यंतचे दिवस धोक्याचेच असतात. जखमेत पू होणे, लाली येणे ही चिन्हेसुद्धा पांढऱ्या पेशींमुळेच दिसतात. पेशीच नसल्या, तर संसर्ग आत पसरत असताना बाहेर काहीही दिसत नाही. ताप हीच काय ती एकमेव सूचना असते.

म्हणून रुग्णाच्या घरी थर्मामीटर असलाच पाहिजे. ताप 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 अंश सेल्सियस, वा त्याहून अधिक भरल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णाला इस्पितळात न्यावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. अशा रुग्णाला इस्पितळात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत प्रतिजैविक मिळावे, असा वैद्यकीय दंडक आहे. डॉक्टरांना न विचारता तापाची गोळी देऊ नये. तिच्यामुळे आकडा उतरतो आणि धोका झाकला जातो. ‘केमोथेरपी चालू आहे’ हे वाक्य इस्पितळाच्या दारातच प्रथम सांगावे, आणि केमोथेरपीची तारीख व इंजेक्शनांची नोंद असलेला कागद बरोबर न्यावा.

गावाचा वाटा

या कामी गावातील जाणत्या मंडळींचे साहाय्य मोलाचे ठरते. ज्या घरात वाचणारे कोणी नसेल, तेथे शिक्षकाने माहितीपत्रक वाचून दाखवावे आणि इंजेक्शनाच्या तारखा कॅलेंडरवर खुणा करून द्याव्यात. पंचायतीने रात्री उपलब्ध असणाऱ्या वाहनांची माहिती रुग्णाच्या घरी अगोदरच देऊन ठेवावी. सर्दी-खोकला असलेल्यांनी रुग्णाची विचारपूस दुरूनच करावी. योग्य दिवशी टोचलेले, थंडाव्यात राखलेले आणि तापावर डोळा ठेवून घेतलेले हे इंजेक्शन अनेकांना केमोथेरपीचा कठीण काळ पार करून देत आहे. तेव्हा कुपी हाती घेतानाच कोणत्या दिवशी, किती दिवस आणि ताप आल्यास कोठे, हे तीन प्रश्न प्रत्येकाने डॉक्टरांना विचारून त्यांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.