नवख्याच्या हाती कॅमेरा

अमेरिकेतल्या अनेक शहरांत केबलवर एक वाहिनी अशी असते, की तिथे त्या गावचा कोणीही रहिवासी स्वतःचा कार्यक्रम करून दाखवू शकतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये 1971 साली अशा ‘पब्लिक अ‍ॅक्सेस’ वाहिन्या सुरू झाल्या. केबल कंपनी गावच्या रस्त्यांखालून आणि खांबांवरून तारा नेते, तेव्हा त्या जागेच्या मोबदल्यात तिने गावाला वाहिनी आणि पैसा द्यावा, असा त्यामागचा हिशेब. 1984च्या केबल कायद्याने स्थानिक प्रशासनांना अशा वाहिन्या मागण्याचा आणि कंपनीच्या केबल-उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंत शुल्क घेण्याचा अधिकार दिला. कागदावर दार सताड उघडं आहे. पण आत आलेला माणूस टिकेलच असं नाही, आणि नवी माणसं टिकली नाहीत तर गावाची म्हणवली जाणारी वाहिनी हळूहळू पाच-दहा जुन्याजाणत्यांच्या हाती जाते. म्हणून नवख्याला सामावून घेणं हे निर्मितीचंच एक काम मानलं पाहिजे, आणि त्याची आखणी दिवे-कॅमेऱ्यांइतकी काटेकोर व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तीन कॅमेऱ्यांवर होणारा गप्पांचा साधा कार्यक्रम घ्या. कॅमेऱ्यांवर तिघं, आवाज सांभाळणारा एक, स्विचरवर एक, नावपट्ट्या टाकणारा, फ्लोअर मॅनेजर आणि दिग्दर्शक अशी आठ माणसं लागतात, आणि त्यातली बहुतेक बिनपगारी असतात. समजा, दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर नवखा उभा आहे. कानाला हेडसेट, त्यात सगळ्यांचे आवाज एकदम. दिग्दर्शक म्हणतो, ‘रेडी टू’, आणि क्षणभराने, ‘टेक टू’. या दोन हाकांच्या मधल्या वेळात चौकट स्थिर करायची, फोकस बघायचा. मग कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागतो, म्हणजे आता प्रेक्षकांना त्याचंच चित्र दिसतंय. घाईतला दिग्दर्शक ‘रेडी’ गाळतो. सरावलेल्या माणसाचं त्याने फारसं बिघडत नाही. नवख्याचा कॅमेरा मात्र फिरता फिरताच प्रक्षेपणात येतो. चूक खरं तर नियंत्रण कक्षातली, पण ओशाळतो तो, आणि पुढच्या आठवड्यात यायचं टाळतो. उपकरणं हाती देण्याआधी या वाहिन्या चालवणारी केंद्रं प्रशिक्षणवर्ग घेतात, ते आवश्यकच आहे. तरी बटण कुठलं दाबायचं हे वर्गात कळतं; अडलं तर विचारायचं कोणाला, हे कळत नाही. त्यासाठी पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत शेजारी एक ठरलेला माणूस हवा. आणि काम खरं हवं. महिनाभर नुसत्या वायरी गुंडाळायला लावल्या तर शिकायला आलेला माणूस हमाल होऊन परत जातो.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा. चित्र हललं की प्रेक्षक वाहिनी बदलतो, हे खरंच आहे. पण तीन कॅमेऱ्यांची रचनाच अशी असते, की एकाचं चित्र बिघडलं तर दिग्दर्शक दुसऱ्यावर थांबू शकतो. सगळे पाहुणे मावतील असा रुंद शॉट नवख्याला द्यावा, चेहऱ्याजवळचे शॉट जुन्यांनी घ्यावेत. धोका कुठे घ्यायचा हे आधीच ठरवता येतं.

दुसरा आक्षेप मला जास्त घातक वाटतो: ज्याला आवड आहे तो आपला आपण शिकेल, त्याच्या मागे का लागायचं? आपला आपण शिकतो तो बहुधा मोकळा वेळ, चार जणांत बोलायची सवय आणि यंत्र बिघडलं तरी कोणी रागावणार नाही ही खात्री असलेला माणूस. बाकीच्यांना हात द्यावा लागतो, आणि दिला तर काय होतं याचा दाखला आपल्या शेजारच्या गुजरातेत आहे. 1984 साली अहमदाबादेत ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने अमेरिकन व्हिडिओ-निर्मात्या मार्था स्टुअर्ट यांच्या मदतीने तीन आठवड्यांचं शिबिर घेतलं. वीस बायका आल्या, त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या चित्रण शिकल्या, संकलनही शिकल्या, आणि ‘व्हिडिओ सेवा’ उभी राहिली. तेलंगणातल्या पस्तापूरमध्ये डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी तर कॅमेऱ्याचे कोन आपल्या जगण्यावरून पारखले. वरून खाली बघणारा कॅमेरा म्हणजे जमीनदाराची नजर, खालून वर बघणारा म्हणजे गुलामाची, आणि डोळ्यांच्या रेषेतला म्हणजे संघममधल्या, म्हणजे त्यांच्या गावगटातल्या, बरोबरीच्या बायकांची. ही समज कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा खोल आहे, आणि त्या बायका स्वतःहून स्टुडिओचं दार ठोठावतील याची वाट बघत बसलं असतं, तर ती कोणाला दिसलीच नसती.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, मग केंद्र हवंच कशाला, असंही विचारतात. फोनवर एकट्याचं चित्र उत्तम निघतं. पण निवडणुकीतल्या उमेदवारांची समोरासमोर चर्चा किंवा नगरपालिकेची तीन तासांची बैठक दाखवायला एकमेकांची हाक ओळखणारी माणसं लागतात, आणि ती तयार व्हायला वर्षं जातात. त्यासाठी लागणारा पैसा मात्र कमी होतोय: अमेरिकेत लोक केबल सोडून इंटरनेटकडे वळू लागल्यापासून त्या 5 टक्क्यांचं मूळ उत्पन्नच आटत चाललं आहे. काटकसरीची वेळ येते तेव्हा कॅमेरे डोळ्यांसमोर असतात; नव्या माणसाजवळ उभं राहणाऱ्या प्रशिक्षकाचा पगार मात्र सहज कापता येतो. कॅमेरा एखादं वर्ष जुना वापरावा, पण तो पगार आधी राखावा.