तोंडावाटे लस आणि कॅन्सर

आटगावात पोलिओचे दोन थेंब आपण सगळ्यांनी पाहिलेत. सुई नाही, तरी लस लागू पडते. कशी? लहान आतड्याच्या भिंतीत ‘पायर्स पॅच’ नावाचे पेशींचे पुंजके असतात. थेंबातला दुबळा केलेला विषाणू ते ओळखतात आणि लढणाऱ्या पेशी तयार होतात.

याच वाटेनं कॅन्सरवर उपचार होईल का, यावर संशोधन चालू आहे. कॅन्सरच्या पेशीवरची खूण निरुपद्रवी जिवाणूवर बसवायची आणि तो जिवाणू पोटात द्यायचा. अडचणी दोन. जठरातलं आम्ल लस नासवतं. शिवाय आतडं रोजच्या अन्नाला शत्रू मानत नाही, तसंच या खुणेकडेही दुर्लक्ष करू शकतं.

जिवाणूनं प्रतिकारशक्ती जागते, हे मात्र खरं. कॅनडात डॉ. मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजी वापरली आणि १९७६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती आजही देतात, पण नळीनं थेट मूत्राशयात, तोंडावाटे नव्हे.

म्हणून आम्ही सांगतो, ‘थेंबांनी गाठ विरघळते’ असं कुणी म्हणालं, तर चालू उपचार सोडू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.