दोन मिलिमीटरची लाट

ताशी ५८ किलोमीटरनं एक बोट नाकासमोर चालली आहे. मागे दोरीचं हँडल पकडून एकाच स्कीवर उभा असलेला माणूस मात्र नाकासमोर जायला तयार नाही. तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झेपावत पाण्यात मांडलेल्या सहा बोयांना बाहेरून वळसे घालतोय. वॉटर स्कीइंगमधला हा स्लालम. मार्गाची लांबी २५९ मीटर, आणि या वेगानं तो संपतो १६.०८ सेकंदांत.

खरी गंमत दोरीत आहे. बोये मार्गाच्या मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर असतात. सहाही बोये जमले की पुढच्या फेरीला दोरी आखूड करतात: १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५. आकडे पुन्हा एकदा वाचा. ११.२५ पासून पुढे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही! ९.७५ला तर पावणेदोन मीटर कमी पडतात, आणि ते भरून काढायचे स्वतःच्या अंगानं. एक हात दोरीला, बाकी सगळा देह पाण्यावर जवळजवळ आडवा. अमेरिकेच्या नेट स्मिथनं २०१३ साली याच दोरीवर अडीच बोये घेऊन विश्वविक्रम केला होता.

एका बोयाकडून दुसऱ्याकडे जाताना या माणसाला ४१ मीटर पुढे आणि २३ मीटर आडवं जायचं असतं, तेही अडीच सेकंदांत. अगदी सरळ रेषेत गेला असं धरलं तरी सरासरी वेग ताशी ६६ किलोमीटर निघतो. प्रत्यक्षात वळताना तो मंदावतो, म्हणजे मधल्या टप्प्यात वेग याहून बराच जास्त. आणि नेमकी याच टप्प्यात, अंग सगळ्यात जास्त तिरकं झुकलेलं असताना, बोटीनं मागे सोडलेली लाट आडवी येते. उंचवटा वीतभर असला तरी स्कीची धार पाण्यातून सुटते, दोरी ढिली पडते आणि पुढच्या बोयाचं गणित तिथंच संपतं.

तेव्हा स्कीच्या बोटीनं लाट करूच नये, असं कुणालाही वाटेल. पण ते होणे नाही. थांबलेली बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून तरंगते. वेग वाढला की तिचा तळ पाण्याला खाली दाबतो, पाणी तळाला वर ढकलतं आणि बोट पाण्यावर चढून घसरू लागते. माणसं आणि इंधन धरून दीडेक टन वजन असं तोलून धरायचं, तर क्षणोक्षणी पाणी खाली दाबावंच लागणार, आणि दाबलेलं पाणी परत वर येणारच. वजनाचं हे देणं चुकत नाही. ते कुठं फेडायचं, किती पसरून फेडायचं, एवढंच माणसाच्या हातात आहे. हल, म्हणजे बोटीचा तळ, ट्यून करण्याची सगळी विद्या या एका सवलतीवर उभी आहे.

लाटांचं शास्त्र जुनं आहे. लॉर्ड केल्विननं १८८७ साली दाखवलं की खोल पाण्यातून जाणाऱ्या वस्तूमागची लाटांची पाचर दोन्ही बाजूंना साधारण साडेएकोणीस अंशांची असते, मग ते बदक असो की आगबोट. सव्वाशे वर्षं हे असंच शिकवलं गेलं. मग २०१३ साली राबो आणि मॉयझी या दोन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी गूगल अर्थवरच्या छायाचित्रांत बोटींमागच्या पाचरी मोजल्या आणि वेगवान बोटींची पाचर यापेक्षा बरीच अरुंद निघाली. लांबीच्या मानानं वेग जितका जास्त, तितकी ती मिटत जाते. स्कीची बोट या बाबतीत टोकाची. सहा मीटर लांब आणि सेकंदाला सोळा मीटर पळणारी! तिची लाट मागे एका चिंचोळ्या पट्ट्यात दाटलेली असते.

त्या पट्ट्यात काय घडतं ते बघण्यासारखं आहे. बोटीचा मागचा काठ पाण्यात एक उथळ चर सोडून जातो. चराच्या दोन्ही भिंती लगेच आत कोसळतात, मध्यभागी एकमेकींवर आपटतात आणि तिथून पाण्याचा तुरा उठतो. तो नेमका किती मागे उठेल हे वेगावर ठरतं. वेग जास्त, तर लांब. स्कीवाला बोटीमागचा हा पट्टा कुठं ओलांडतो हे ठरवते दोरी. त्यामुळे एकच बोट एका दोरीवर लोण्यासारखी आणि पुढच्या दोरीवर दणका देणारी असू शकते. १६ मीटरच्या दोरीवरचा उंचवटा तर कित्येक बोटींच्या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. अमेरिकन मंडळी त्याला ‘बावीस ऑफ’चा बंप म्हणतात, कारण ७५ फुटांच्या मूळ दोरीतून २२ फूट वजा केले की ही लांबी उरते. यात एक अन्यायही आहे. नवशिक्याची दोरी लांब आणि वेग कमी, म्हणून सगळ्यात मोठी लाट त्याच्याच वाट्याला येते. अव्वल खेळाडू बोटीच्या इतक्या जवळून जातो की लाट अजून पुरती उभीही राहिलेली नसते.

१९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युअलसन हा पोरगा पहिल्यांदा पाण्यावर स्की करत गेला, तेव्हा लाटेची फिकीर करायला कुणाला सवड नव्हती. नुसतं उभं राहता आलं हाच चमत्कार होता. खास स्कीसाठीच्या बोटी बऱ्याच नंतर आल्या. फ्लोरिडातल्या करेक्ट क्राफ्टची स्की नॉटिक १९६१ची. टेनेसीत रॉब शर्ली यांनी घोड्यांच्या पागेत पहिली मास्टरक्राफ्ट बांधली ती १९६८ साली. इंजिन मध्यभागी, तळ मागच्या बाजूला बराचसा सपाट, खाली सरळ चालीसाठी पाती. तेव्हापासून या कंपन्या बोटीच्या मागे काहीच दिसू नये यासाठी झटत आल्या आहेत.

हे झटणं किती बारीक असतं ते बघायला आता बोट ट्रेलरवर आहे असं समजा. तिच्याखाली उताणं पडायचं, मीटरभर लांबीची पक्की सरळ पट्टी घ्यायची, तिचं एक टोक तळाच्या मागच्या काठाला लावायचं, दुसरं पुढे, आणि पलीकडून टॉर्च धरायचा. पट्टी आणि तळ यांच्यातून उजेडाची रेघ आली, तर ती कुठून आली ते बघायचं. पट्टीची दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये उजेड दिसला, तर तळ मागच्या काठाकडे खाली वळलेला आहे. याला हुक म्हणतात. पट्टी मध्येच टेकली आणि काठाशी उजेड दिसला, तर तळ वर वळलेला आहे. तो रॉकर. फीलर गेज घालून फट मोजली तर आकडा निघतो एक मिलिमीटर, दोन मिलिमीटर. हे साच्यातूनच आलेलं असतं, किंवा ट्रेलरचे आधार काठापर्यंत पोचत नसल्यानं वर्षानुवर्षं अधांतरी राहिलेलं फायबर नमलेलं असतं.

एवढ्याशा फटीचा परिणाम ऐका. हुक असेल तर शेवटच्या वीतभर जागेत पाण्याचा दाब वाढतो, बोटीची मागची बाजू उचलली जाते, नाळ खाली येते, चर उथळ होतो आणि लाट बसते. झकासच की! पण जरा जास्त झालं की नाळ पाण्यात घुसू लागते, बोट स्टिअरिंगला वेडीवाकडी दाद देते आणि फवारा पुढून उडून स्कीवाल्याच्या तोंडावर येतो. रॉकर याच्या उलट. वर वळलेल्या तळाखाली पाणी ओढ निर्माण करतं, मागची बाजू बसते, चर खोल होतो आणि कधीकधी बोट डुचमळत चालते.

शिवाय तो काठ धारदार हवा. पातेल्यातून कपात चहा ओतताना काठ गोलसर असेल तर चहा कपात पडण्याऐवजी पातेल्याच्या अंगावरून ओघळतो. बोटीखालचं पाणीही गोलावलेल्या काठाला असंच चिकटून वर चढतं. काठ तीक्ष्ण असला की पाणी एकदम सुटतं. म्हणून जुन्या बोटीचे मालक उंचवटा पॉलिश पेपरनं घासतात, खळगा इपॉक्सीनं भरतात, काठ नव्यानं काटकोनात आणतात. घासलेला जेलकोट, म्हणजे फायबरवरचा वरचा थर, परत येत नाही. त्यामुळे शहाणी माणसं आधी मागे एक लहानशी पट्टी बसवून बघतात आणि मगच तळाला हात लावतात. पहाटेचं निश्चल पाणी, टाकीत तितकंच इंधन, बोटीत तीच माणसं, आणि एका वेळी एकच बदल. असं केलं नाही तर कशानं काय झालं याचा पत्ताच लागत नाही. लाट डावीकडे मऊ आणि उजवीकडे कडक लागली, तर मात्र तळावर संशय घेण्याआधी बोटीच्या पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे, बघावं. पंखा फिरताना बोटीला उलटा पीळ देतो आणि ती एका अंगावर किंचित कलते.

कंपन्यांची अडचण निराळीच. त्याच बोटीमागे ट्रिकवाले खेळाडू ताशी तीसेक किलोमीटरनं येतात, आणि त्यांना लाट हवीच असते. ती टणक आणि नीट कडा असलेली लागते, कारण तिच्यावरूनच ते हवेत उडी घेऊन गिरक्या घेतात. एका वेगाला लाट नाहीशी करणारा तळ दुसऱ्या वेगाला ती घडवून द्यायलाही तयार हवा. यातून काही बोटींना मागच्या काठाशी बटणावर वरखाली होणारी छोटी पट्टी आली. हुक हवा तेव्हा काढायचा, नको तेव्हा मिटायचा. वेकबोर्डवाल्यांचं तर बोलायलाच नको. ते टाक्यांमध्ये शेकडो लिटर पाणी भरून बोट मुद्दाम बुडवतात, लाट मोठी व्हावी म्हणून.

स्लालमवाल्याला असलं बटण परवडत नसेल, तर त्याच्याकडे एक उपाय आहेच. मागच्या सीटवर ऐसपैस बसलेल्या पाहुण्याला तो गोड बोलून पुढे नाळेकडे बसायला पाठवतो.