कोंबडीची बदकं

मुलांनो, अठ्ठावीसातून एकवीस गेले तर किती उरले? सात. दुसरीतलं पोरगंसुद्धा सांगेल! पण रोज फळ्यावर वजाबाकी शिकवणाऱ्या तुमच्या या बाईंना ती वेळेवर सुचली नाही, आणि त्यात चार बदकपिल्लं गेली.

आमचं गाव नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात. जवळच माळेगाव. तिथल्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं तर असतातच, कोंबड्यांचं प्रदर्शनही भरतं. एका वर्षी ते पाहून आल्यावर आमच्या वर्गाला पक्षी पाळायचं वेडच लागलं. ओळखीच्या शेतकऱ्याने बदकाची सहा अंडी दिली. आता उबवणार कोण? घरची कोंबडी नेमकी खुडूक बसली होती. खुडूक कोंबडी अंडी घालायचं थांबवते, पिसं फुलवून एका जागी बसते आणि जवळ गेलं की टोचते. डालग्यात गवत घालून तिची चार आणि बदकाची सहा अंडी तिच्याखाली ठेवली.

सातव्या रात्री गंमत केली. जाड कागदाची नळी केली, अंधारात एका टोकाला टॉर्च आणि दुसऱ्याला अंडं धरलं. आत लाल शिरांचं जाळं आणि मधोमध काळा ठिपका! बदकाच्या दोन अंड्यांत काहीच दिसेना, ती काढून टाकली. म्हणजे उरली चार.

एकविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्लं निघाली. वर्गात जल्लोष! दुसऱ्या दिवशी बघते तर कोंबडी पिल्लं घेऊन अंगणात उकरत होती आणि बदकाची अंडी गार पडली होती. मी ती कानाशी धरली. काही ऐकू आलं नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "लेकरं निघाल्यावर माय कशाला बसती अंड्यावर?"

कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला २८. दोन्ही एकाच कोंबडीखाली ठेवायची असतील तर बदकाची आधी ठेवायची आणि कोंबडीची सात दिवसांनी.

पुढच्या खेपेला फक्त बदकाचीच अंडी ठेवली. (खाकी कॅम्पबेलसारखी बदकं अंडी भरपूर देतात, पण स्वतः उबवायला सहसा बसत नाहीत. म्हणून कोंबडीच बरी.) सत्ताविसाव्या दिवशी एका अंड्याला बारीक चीर पडली. मुलं म्हणाली, "बाई, जरा फोडून देऊ ना!" हात माझाही शिवशिवत होता. पण कवचाच्या आतल्या पडद्यात अजून रक्त असतं आणि पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. घाई केली तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. चीर पडल्यापासून बाहेर यायला एखादा दिवस, कधी जास्तही लागतो. आम्ही बसून राहिलो. पाच पिल्लं निघाली!

मग एकाने विचारलं, "बाई, टर्की पाळता येईल का?" येते की. तिच्या अंड्यालाही २८ दिवसच. मात्र पिल्लं खायला लवकर शिकत नाहीत. दाण्यात रंगीत गोट्या टाकल्या तर त्यांवर चोच मारता मारता दाणे टिपू लागतात. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून एक टर्की जहांगीर बादशहाकडे नेली. सरड्यासारखे रंग बदलणारं तिचं डोकं-मान पाहून बादशहा चकित झाला. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

पालकांसाठी दोन शब्द. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मेले, ते बर्ड फ्लूने असं तपासणीत निघालं. म्हणून मेलेल्या पक्ष्याला मुलांनी हात लावायचा नाही, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. पक्ष्यांना हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. चुंबन-बिंबन नाही!

आता पाण्याचं. बदकाला तळं लागतं ना? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, अशा आपल्या मुलखात ही चैन परवडेल का? पण बदकाला तळ्यावाचूनही चालतं. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढं पाणी हवंच, ते रोज बदलायचं आणि घाण झालेलं झाडांना घालायचं. आमची पपई त्याच पाण्यावर वाढली. पिल्लं लहान असताना मात्र घमेल्यात अगदी उथळ पाणी, आत दगड, आणि भिजल्यावर ऊब. कोंबडीच्या पोटाखालची पिल्लं गारठून बुडूही शकतात.

पहिल्यांदा घमेलं ठेवलं तो दिवस वर्गाला अजून आठवतो. पाचही पिल्लं टुपकन पाण्यात! कोंबडी किंचाळत घमेल्याभोवती धावू लागली. एकदा तिने पाय आत घातला आणि झटकन मागे घेतला. पिल्लांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. शेवटी ती काठाशी बसली, पंख अर्धे उघडे ठेवून, ती बाहेर येईपर्यंत.