ऑइल प्रेशरचा सेंडर : आधी तपासा, मग बदला



हंगाम सुरू झाला की आमच्या ऊस विकास खात्याकडे दोन तऱ्हेचे निरोप येतात. टोळी आली नाही हा एक, आणि टोळीने ऊस तोडून ठेवला पण ट्रॅक्टर बंद पडला हा दुसरा. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही नेहमी सांगत असतो. फडात वाळला तर वजन घटते आणि साखरही उतरते. तेव्हा ऊसवाल्यांनी इंजिनावर का लिहावे, असे कुणी म्हणू नये.

ट्रॅक्टरच्या समोरच्या फळीवर ऑइलच्या किटलीचे चित्र असलेला लाल दिवा असतो, किंवा ऑइल प्रेशर दाखवणारे मीटर असते. या दिव्याला वा मीटरला खबर देणारा छोटा भाग इंजिनाच्या अंगावर, बहुधा ऑइल फिल्टरच्या आसपास बसवलेला असतो. कोणी त्याला बल्ब म्हणतात, कोणी सेन्सर, कोणी स्विच. वस्तू मात्र दोन आहेत. दिव्यासाठी असतो तो स्विच. आत प्रेशर नसले की तो वायर इंजिनाच्या अंगाशी जोडतो आणि दिवा लागतो. प्रेशर आले की जोड सुटतो, दिवा विझतो. मीटरसाठी असतो तो सेंडर. त्याच्या आतला पातळ पडदा प्रेशरप्रमाणे हलतो, तसा विजेचा अडथळा कमीजास्त होतो आणि काटा सरकतो.

हा भाग खराब झाला म्हणजे दोन प्रकारे नुकसान होते. एक म्हणजे माणूस म्हणतो, "तो दिवा उगाच लागतोय, सेन्सरच गेलाय," आणि खेपा चालू ठेवतो. दहातल्या नऊ वेळा त्याचे खरे निघेलही. दहाव्या वेळी ऑइल खरेच नसते; बेअरिंगचे शेल क्रँकला धरतात आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर बोरकामाच्या शेडमध्ये जाऊन बसतो. दुसरा प्रकार उलटा आहे. इंजिन धडधाकट असते, सेंडर तेवढा मेलेला असतो, आणि कोणी मिस्त्री सांगतो की पंप गेला, इंजिन खोलावे लागेल. गेल्या काही हंगामांत या दोन्ही तऱ्हा आम्ही आपल्याच गटांतून पाहिल्या. काही शे रुपयांच्या वस्तूपायी हजारोंची भर घालावी लागते ती अशी.

चालत्या इंजिनावर दिवा लागला तर पहिले काम इंजिन बंद करणे. ट्रॉली भरलेली असो, कारखान्याचा वजनकाटा समोर दिसत असो, तरी बंदच करावे. मग डिपस्टिक पाहावी. ऑइल कमी असेल तर कारण उघड आहे. ऑइल खुणेच्या वर चढलेले आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल मिसळून ते पातळ झाले आहे. तिथे नवा सेंडर काहीही करणार नाही.

ऑइल ठीक असेल तर वायरकडे वळावे. उंदराने कुरतडलेली, गंजलेली, निसटलेली वायर हे सर्वांत स्वस्त दुखणे. टोक पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवावे. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि स्विचची वायर काढा. दिवा विझला तर वायर ठीक. स्विच तरी गेला आहे किंवा प्रेशर तरी नाही. वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला तर वायर मध्येच कुठेतरी पत्र्याला लागते आहे. आणि वायर जोडलेली असताना चावी ऑन करूनही दिवा लागतच नसेल तर ते अधिक वाईट, कारण तुमचा राखणदारच झोपलेला आहे. ही शेवटची तपासणी रोज सकाळी फुकटात होते.

स्विच गेला की प्रेशर, याचा निकाल हात-गेज लावूनच लागतो. सेंडर काढून त्याच भोकात साधे गेज बसवावे, इंजिन चांगले गरम होऊ द्यावे आणि मंद व भरवेगावर आकडा पाहावा. थंड इंजिनावर ऑइल घट्ट असल्याने प्रेशर नेहमीच छान दिसते, त्यावर भुलू नये. ढोबळमानाने गरम इंजिनाला मंद गतीवर एक किलोच्या पुढे आणि भरवेगावर अडीच ते चार किलो मिळायला हवेत. पण तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडाच प्रमाण. गेजवर आकडा बरोबर आला तर खुशाल सेंडर बदला. कमी आला तर पैसे सेंडरवर घालू नका. सेंडरच्या टोकातून ऑइल पाझरत असेल तर मात्र पडदा फाटला आहे, तो तात्काळ बदलावा.

आता खरेदी. कंपनीच्या डब्यातलाच घ्यायला हवा असे नाही, पण जुना भाग खिशात घालूनच दुकानात जावे. पहिली गोष्ट आटे. एक अष्टमांश इंची एनपीटीला इंचाला २७ आटे असतात, बीएसपीला २८, आणि दहा मिलिमीटरच्या बारीक आट्याचा भागही दिसायला तसाच. चुकीचा भाग दोन फेरे जातो, मग अडतो. जोर लावला की इंजिनाचे भोक बिघडते. हाताने चार फेरे सहज बसला तरच तो तुमचा. दुसरी गोष्ट मीटरची जोडी. काही सेंडर प्रेशर नसताना सुमारे १० ओहम दाखवतात आणि प्रेशरबरोबर १८० पर्यंत चढतात. काही २४० वरून ३३ पर्यंत उतरतात. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या मीटरला जोडला तर काटा उलटा चालतो. तसेच ५ बारच्या मीटरला १० बारचा सेंडर लावला तर प्रेशर निम्मे दिसते आणि घरधनी विनाकारण घाबरतो. वायरमनकडच्या मल्टीमीटरने जुन्याचा अडथळा पाहून ठेवावा; तो अगदीच मेला असेल तर मीटरच्या पाठीवरचा मजकूर पाहावा.

मासेमारीच्या होड्यांच्या डिझेल इंजिनांनाही याच जातीचे सेंडर असतात. तिथे पुष्कळदा दोन टोकांचा सेंडर लागतो, कारण इंजिनाच्या अंगातून वीज परत नेत नाहीत. आपल्याकडे बहुतेक एकाच टोकाचा चालतो, म्हणजे इंजिनाचे अंग हीच दुसरी वायर. म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये. जोड तुटून मीटर खोटे बोलू लागते. आटे निमुळते असतील तर सीलंटचा एखादा थेंब, सरळ असतील तर तांब्याचा वायसर पुरे. होडीवाल्यांची एक युक्ती मात्र घेण्यासारखी आहे. जड सेंडर पितळी जोडावर लांब लोंबकळत ठेवला तर हादऱ्याने जोड मोडतो, म्हणून ते सेंडर बाजूला पक्का बसवून मध्ये लवचीक नळी घेतात.

बसवताना पाना खालच्या षटकोनावर धरावा, वरच्या डबीवर कधीही नाही. बेताने आवळावा. इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांत दिवा विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद करावे. विझला तर पाझर पाहावा आणि थोड्या वेळाने बंद करून पुन्हा डिपस्टिक.

हात-गेज व तीन-चार मापांचे जोड आपल्या कारखान्याच्या वाहन विभागात ठेवलेले आहेत. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरमालकांनी गटाच्या शेतकी मदतनिसाकडे नाव नोंदवून खेप खाली केल्यावर ट्रॅक्टर तिथे न्यावा. येताना इंजिन गरम असेल तर उत्तमच.