रशियन पाहुणे, हलगी आणि घरची मीठभाकर : मार्केट यार्डातून मॉस्कोला जाणारी वाट

जुन्नर, आंबेगाव, पुरंदर, दौंडच्या शेतकऱ्याला पुण्याचं मार्केट यार्ड माहीत आहे ते गाळ्यासाठी, काट्यासाठी आणि पट्टीसाठी. माल उतरवायचा, चहा घ्यायचा, टेम्पो परत गावाकडे. पण याच भागात हमाल, तोलणार, भाजी विकणाऱ्या बायका यांच्या वस्त्याही आहेत. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीला शहरातल्या अशा वस्त्यांमधली पोरं गळ्यात हलगी अडकवून सारसबागेजवळच्या पुतळ्याकडे निघतात. पद्मावतीचं अण्णाभाऊ साठे सभागृहही इथून फार लांब नाही.

रशियाशी आपल्या लोकगाण्याचं नातं सांगायचं तर सुरुवात याच माणसापासून करावी लागते.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे तुकाराम भाऊराव साठे. शाळा जेमतेम दीड दिवसाची. घरच्यांबरोबर मुंबई गाठली आणि गिरणगावात मिळेल ते काम केलं. दुसऱ्या महायुद्धात रशियन फौजांनी स्टालिनग्राडला जर्मनांना अडवलं, तेव्हा त्यांनी त्यावर पोवाडा रचला. रशिया डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं आणि डफ-तुणतुण्यावरची शाहिरी कामगार वस्त्यांत पोचली. प्रत्यक्ष रशिया बघायला १९६१ साल उजाडलं. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यातूनच आलं. १४ सप्टेंबर २०२२ ला मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात त्यांचा पुतळाही बसला.

याला घरची बाजूही आहे, ती भाषणात कमी येते. रशिया पाहून आलेला हा माणूस परतला तो घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीतच. १८ जुलै १९६९ ला ते गेले तेव्हा वय ४८, आणि गरिबी सुटलेली नव्हती. परदेशात टाळ्या मिळाल्या म्हणून घरचा डबा भरत नाही, हे शाहिराच्या घरातल्या बाईला आधीच ठाऊक असतं.

पोराच्या हलगीवरून घरात दोन मतं

आजही तरुण वादकांची देवाणघेवाण होते तेव्हा अडचण इथेच येते. रशियन पोरं-पोरी बाललायका घेऊन येतात. त्यांच्यासमोर वाजवायला हलगीवाला, ढोलकीवाला लागतो. लग्नसराईत तो पोरगा सुपाऱ्यांवर कमावत असतो. पाहुण्यांबरोबर आठ दिवस तालमी म्हणजे आठ दिवसांची कमाई बुडाली. आयोजक जेवण आणि प्रमाणपत्र देतात, मानधनाचं नाव काढत नाहीत. ते आधीच बोलून घ्यावं, यात लाजायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट पैशापेक्षा खोल आहे. हलगी ही गावकीत मातंग समाजाच्या वाट्याला टाकलेली. मिरवणुकीपुढे वाजवायची, पण पंगतीत लांब बसायचं. गाव सोडून मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहिलेल्या बापाला वाटतं, जे मी मागं टाकलं तेच पोरगं परत गळ्यात घालतंय. पोराला वाटतं, हे तर माझं वाद्य आहे, रशियातला पाहुणा शिकवा म्हणतोय. दोघंही चूक नाहीत. अशा वेळी आई मधे पडते आणि बहुतेक वेळा अट घालते ती शाळा-कॉलेज बुडवायचं नाही एवढीच. मुलगी गाणारी असेल तर प्रश्न आणखी वाढतात : रात्री परत कोण आणणार, मुक्काम कुठे, सोबत कोण. हे विचारणं म्हणजे मागासपणा नव्हे. ज्या आयोजकाकडे याची उत्तरं नसतात, त्याच्याकडे पाठवूच नये.

सूर जुळवायचा तर

यार्डात पट्टी म्हणजे मालाच्या पैशाचा कागद, गाण्यात पट्टी म्हणजे सूर. नेहमीच्या बाललायकेला तीन तारा : दोन एकाच सुरात, पांढरी तीनवर, आणि तिसरी पांढरी सहावर. म्हणून ढोलकीची शाई या दोनपैकी एका सुराला लावून ठेवली की पहिल्या तालमीचा अर्धा तास वाचतो. आपलं तुणतुणं एकाच तारेचं, ते कुणाशीही जुळतं.

त्यांचा बायान नावाचा बटणांचा अॅकॉर्डियन आणि आपली पेटी दोन्हींत वाऱ्याने धातूच्या पट्ट्याच वाजतात. त्यामुळे पेटीवाल्याला तो लगेच उमगतो. लाकडी चमचेही त्यांच्याकडे वाद्य म्हणून वाजतात, हे बघून घरातली लहान पोरं स्वयंपाकघर रिकामं करतात, तेवढी तयारी ठेवावी. चास्तुष्का म्हणजे चार ओळींची चिमटे काढणारी गाणी. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या माणसाला त्यातली मजा भाषा न कळताही कळते.

घरात उतरले तर

रशियात पाहुण्याचं स्वागत नक्षीच्या टॉवेलवर पाव आणि मीठ ठेवून करतात. पाहुणा तुकडा मोडतो, मिठाला लावतो, खातो. आपण ‘मीठभाकर गोड मानून घ्या’ म्हणतो, तेच. बाजरीची गरम भाकरी आणि चिमूटभर मीठ पुढे केलं तर समजावून सांगायची गरज पडणार नाही. याच मार्केट यार्डातल्या हमालांच्या संघटनेने, हमाल पंचायतीने, १९७४ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाहुण्यांना पुणे दाखवायचं तर शनिवारवाड्याबरोबर तिथलंही जेवण घालावं.

तिखट बेतानं. शेपू मात्र बिनधास्त करा. आपल्याकडे अर्धं घर नाक मुरडतं, पण रशियात बटाट्यापासून सुपापर्यंत सगळीकडे शेपू असतो. चपला दाराबाहेर काढायची त्यांनाही सवय आहे. उंबऱ्यावरून वस्तू द्यायची-घ्यायची नाही, हेही पाळतात. फुलबाजारातून गुच्छ आणणार असाल तर फुलं मोजून घ्या : तीन, पाच, सात. जोडीची संख्या तिकडे मयताला वाहतात.

नावांचा घोळ वाटतो तेवढा नाही. आपल्यासारखंच मधलं नाव बापाचं. इव्हान पेत्रोविच म्हणजे पेत्रचा मुलगा इव्हान, आणि मोठ्या माणसाला आदराने अशीच हाक मारतात. तू आणि तुम्ही हा फरकही त्यांच्या भाषेत आहे. फक्त ‘बाबा’ हा शब्द ऐकून गोंधळू नका, तिकडे बाबा म्हणजे आजी!

पुणे जिल्ह्याला रशियन पाहुणा नवा नाही. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरून जुन्नरला आला आणि पावसाळा तिथेच काढला. विकायला आणलेला घोडा तिथल्या खानाने अडकवला, तो सुटेपर्यंत त्याचा जीव टांगणीला होता. त्याने लिहून ठेवलंय की इकडे घोड्यांना हरभरे आणि साखर घालून शिजवलेली खिचडी चारतात.

कागदपत्रांचं काय

परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावं लागतं. पैसे घेतले नाहीत तरी जबाबदारी घरमालकाचीच. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो आल्याबरोबर काढून ठेवावेत. रशियन बँकांची व्हिसा-मास्टरकार्डं मार्च २०२२ पासून रशियाबाहेर चालत नाहीत, त्यामुळे पाहुणे रोख घेऊन येतात. आयत्या वेळी रिक्षाचे पैसे तुम्हाला द्यावे लागले तर त्यांना चिंगूस समजू नका.

उलट दिशेने, आपल्या पोराला बोलावणं आलं तर जास्त डोळसपणा हवा. युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर नोकरीच्या आमिषाने रशियाला नेलेली काही भारतीय पोरं थेट सैन्यात अडकली, काहींचा जीव गेला. परराष्ट्र मंत्रालयाने यावर जाहीर इशारे दिले आहेत. गाण्या-वाजवण्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं असेल तर त्यावर संस्थेचं नाव, तारखा, परतीचं तिकीट असतं. एजंट पैसे मागतो, रशियन भाषेतल्या करारावर सही घेतो, ‘तिकडे गेल्यावर कामही मिळेल’ म्हणतो, तर तो कार्यक्रम नव्हे. १८ वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला आई-वडिलांची संमती लागते. सही करण्याआधी हे सगळं बघून घेण्याचा हक्क त्यांचाच आहे.

आणि हो, चामड्याची हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. सभागृहात जाळ करू देत नाहीत, पाहुणे कौतुकाने बघतात आणि वॉचमन ओरडतो. मागच्या बाजूला मोकळी जागा आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.