कर्जरोख्यांच्या निधीवरील निर्बंध

कर्जरोख्यांच्या निधीवरील निर्बंध म्हणजे सार्वजनिक बांधकामासाठी रोखे विकून उभी केलेली रक्कम काम पूर्ण होईपर्यंत कोठे ठेवावी, कोणत्या टप्प्यावर व कोणाच्या संमतीने सोडावी आणि तिचा कोणता हिस्सा अखेरपर्यंत हाती राखावा, हे ठरविणाऱ्या नियमांचा समूह होय. भारतात महानगरपालिकांच्या रोख्यांना लागू असणारे असे नियम मुख्यतः भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, २०१५ साली केले. महाराष्ट्रात त्यांची पहिली मोठी कसोटी पुणे महानगरपालिकेच्या २०१७ मधील रोख्यांच्या वेळी लागली.

स्वरूप

रोख्यांतून आलेला पैसा एकाच दिवशी हाती पडतो, बांधकामावर मात्र तो अनेक वर्षे थोडाथोडा खर्च होतो. मधल्या काळात त्या रकमेवर दोन बाजूंनी ताण असतो. ती खात्यात पडून असल्याचे दिसले की पगार, जुनी देणी किंवा दुसरीच कामे यांसाठी ती वापरण्याचा मोह संस्थेला होतो. म्हणून ती रोखून धरावी लागते. दुसरीकडे रोखेधारकांचे व्याज पहिल्या दिवसापासूनच सुरू झालेले असते, त्यामुळे रोखून धरलेला प्रत्येक रुपया नागरिकांना महाग पडत जातो.

कंत्राटदाराच्या बाबतीत हीच रोखण वेगळ्या रूपात आढळते. सार्वजनिक कामांत कंत्राटदाराच्या चालू देयकांमधून ठराविक टक्के रक्कम कापून सुरक्षा अनामत म्हणून ठेवली जाते आणि दोष दायित्व कालावधी संपल्यावर ती परत केली जाते. पावसाळ्यात रस्ता उखडला किंवा टाकीला गळती लागली, तर दुरुस्तीसाठी कंत्राटदाराला परत बोलावण्याचे सामर्थ्य या अनामतीमुळे येते. मात्र काम रोख्यांच्या पैशातून चालले असेल, तर कापून ठेवलेल्या या रकमेवरही व्याज भरावे लागत असते.

कोकण रेल्वे

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव रेल्वेमार्गावर नाही. तरीही गावच्या आंगणेवाडीत भरणाऱ्या भराडीदेवीच्या जत्रेला मुंबईहून निघालेले चाकरमानी ज्या मार्गाने कणकवलीला किंवा कुडाळला उतरतात, तो मार्ग मोठ्या अंशी कर्जरोख्यांच्या पैशावर उभा राहिला आहे. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. उर्वरित रक्कम मुख्यत्वे करमुक्त रोख्यांतून उभारण्यात आली. मालवणचा ज्यात समावेश होता त्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते त्या सुमारास केंद्रीय अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते.

या प्रकल्पात निधी अन्यत्र वळण्याचा धोका कमी होता, कारण महामंडळच मुळी एका कामासाठी जन्मले होते. खर्चाची दुसरी वाटच नसल्याने वेगळ्या कुंपणाची तितकी गरज भासली नाही. अडचण निर्माण केली ती काळाने. गोव्यातील मार्गाच्या आखणीवरून वाद होऊन १९९३ मध्ये तेथील काम थांबले आणि न्यायमूर्ती ओझा यांचा चौकशी आयोग नेमला गेला. पुढे पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने वाट अडवली. संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या त्या जानेवारी १९९८ मध्ये. तोवर साचलेले व्याज प्रकल्पाच्या भांडवली खर्चातच मिळवले गेले आणि मूळच्या सुमारे एक हजार कोटींच्या अंदाजाचा अंतिम आकडा साडेतीन हजार कोटींच्या घरात पोहोचला. महागाई आणि बोगद्यांचे अवघड काम ही त्याची इतर कारणे होत. पण बांधकामकाळातील व्याजाचा बोजाही त्यात हलका नव्हता. रोखे फेडताना महामंडळाला केंद्राचे साहाय्य घ्यावे लागले.

कृष्णा खोऱ्याचा अनुभव याच्या उलट आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने राज्य शासनाच्या हमीवर रोखे काढले, पण तो पैसा एका धरणाचा नव्हता. अनेक प्रकल्प एकाच वेळी हाती घेण्यात आले, त्यांतील कित्येक वर्षानुवर्षे अपुरे राहिले आणि परतफेडीचा भार राज्याच्या तिजोरीवर आला. कोणता रोखा कोणत्या कालव्याचा, हे सांगता येऊ नये अशी ही रचना होती. पुढील काळातील नियमांत प्रकल्प नेमका नोंदविण्यावर जो भर दिसतो, त्याचे महत्त्व अशा उदाहरणांवरून कळते.

सेबीचे नियम

शासनाच्या हमीशिवाय रोखे काढणारी पहिली भारतीय महानगरपालिका अहमदाबादची. तिने १९९८ मध्ये १०० कोटी रुपये उभारले. महाराष्ट्रात नाशिक व नागपूर या महानगरपालिकांनी त्यानंतरच्या काही वर्षांत हा मार्ग चोखाळला. त्या वेळी जकातीसारखे एखादे उत्पन्न परतफेडीसाठी एस्क्रो खात्यात बाजूला काढण्याची पद्धत होती. म्हणजे फेडीचा पैसा बांधलेला असे. उभारलेल्या पैशाला मात्र तितके कडक बंधन नसे.

जुलै २०१५ मध्ये अधिसूचित झालेल्या सेबीच्या नियमांनी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. त्यांनुसार रोख्यांची रक्कम आवश्यक मंजुऱ्या मिळालेल्या निश्चित प्रकल्पासाठी किंवा प्रकल्पसमूहासाठी राखून ठेवावी लागते. ती स्वतंत्र बँक खात्यात जमा करावी लागते आणि त्या खात्यातून केवळ नमूद कामावरच खर्च करता येतो. प्रकल्पाच्या अंमलबजावणीसाठी वेगळा कक्ष स्थापून उपायुक्तापेक्षा कमी दर्जा नसलेला प्रकल्प अधिकारी नेमणे बंधनकारक करण्यात आले. निधी दुसरीकडे जाणार नाही हे पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. प्रकल्पखर्चाचा किमान २० टक्के हिस्सा पालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून किंवा अनुदानातून घालावा, अशी अटही २०१५ च्या मूळ नियमांत होती. स्वतःचे पैसे अडकलेले असले की संस्था काम रेंगाळू देत नाही, असा तिच्यामागील व्यवहारी तर्क दिसतो. याखेरीज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार कर्ज उभारण्यास राज्य शासनाची मंजुरी लागते.

पुणे महानगरपालिकेचे रोखे

पुणे महानगरपालिकेने चोवीस तास समान पाणीपुरवठा योजनेसाठी सुमारे २,२६४ कोटी रुपये रोख्यांतून टप्प्याटप्प्याने उभारण्याचे ठरविले. २०० कोटींच्या पहिल्या टप्प्याची नोंदणी जून २०१७ मध्ये मुंबई शेअर बाजारात झाली. मुदत दहा वर्षांची आणि व्याजदर ७.५९ टक्के होता. या घटनेचे देशभर कौतुक झाले.

त्यानंतर लवकरच जलवाहिन्यांच्या कामासाठी आलेल्या निविदांचे दर चढे असल्याचा आक्षेप घेतला गेला. त्या निविदा रद्द करून फेरनिविदा काढण्यात आल्या. काम सुरू होण्यास विलंब झाला आणि रोख्यांची रक्कम मुदत ठेवीत राहिली. कर्ज काढून ते पैसे पुन्हा बँकेतच ठेवल्याबद्दल प्रशासनावर टीका झाली.

हिशेब सोपा आहे. २०० कोटींवर ७.५९ टक्के दराने वर्षाला १५ कोटी १८ लाख, म्हणजे दिवसाला सुमारे ४ लाख १६ हजार रुपये व्याज होते. तीच रक्कम उदाहरणादाखल साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत असेल, तर वर्षाला १३ कोटी परत येतात आणि दोन कोटींहून अधिकची तूट राहते. रोखे काढणाऱ्या शहरांना केंद्र सरकारने अमृत योजनेतून दर १०० कोटींमागे १३ कोटी रुपये प्रोत्साहन दिले, त्यामुळे पुण्याला २६ कोटी मिळाले आणि ही तूट भरून निघण्यास मदत झाली. पाण्याची वाट पाहणाऱ्या वस्त्यांचा गेलेला वेळ या हिशेबात धरलेला नाही.

या प्रकरणात स्वतंत्र खात्याच्या नियमाचा भंग झाला नव्हता. किंबहुना रक्कम सुरक्षित राहिली ती त्या नियमामुळेच. पैसा कोठे जाऊ नये हे भारतीय नियम नेमके सांगतात. तो किती दिवसांत खर्च झाला पाहिजे याबाबत मात्र प्रकल्पाचे वेळापत्रक जाहीर करण्यापलीकडे त्यांचा फारसा आग्रह दिसत नाही. निविदा निश्चित होण्याआधी रोखे विकले, की ही पोकळी उघडी पडते.

कालमर्यादेचे अमेरिकी नियम

अमेरिकेत हा प्रश्न करकायद्याच्या मार्गाने हाताळला जातो. तेथील स्थानिक संस्थांच्या रोख्यांवरील व्याज सर्वसाधारणपणे केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त असल्याने त्या स्वस्त दराने पैसे उभारू शकतात. तो पैसा चढ्या व्याजाने गुंतवून नफा मिळवू नये यासाठी १९६९ पासून निर्बंध आले आणि १९८६ च्या करसुधारणेने असा नफा सरकारजमा करण्याची तरतूद व्यापक केली. बांधकामासाठीच्या रोख्यांना यातून सूट मिळते, पण त्यासाठी रक्कम वेळेत खर्चावी लागते: सहा महिन्यांत १० टक्के, वर्षभरात ४५, दीड वर्षात ७५ आणि दोन वर्षांत पूर्ण.

कंत्राटदाराची अनामत या वेळापत्रकात कशी बसवावी, याचाही तेथे विचार झाला आहे. दोषदुरुस्तीसाठी वाजवी म्हणून रोखलेली, बांधकाम निधीच्या ५ टक्क्यांपर्यंतची रक्कम दोन वर्षांनंतरही मागे ठेवता येते, मात्र तीही तिसऱ्या वर्षाच्या आत खर्ची पडली पाहिजे. कंत्राटदाराचे पैसे रोखणे आणि रोख्यांचे पैसे रोखणे या दोन गोष्टी येथे एकाच नियमात येतात.

लहान स्थानिक संस्था

सिंधुदुर्ग जिल्ह्यात महानगरपालिका नाही. मसुऱ्यासारख्या गावातील ग्रामपंचायतीचा रोखेबाजाराशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. कर्ज हवे असल्यास जिल्हा ग्रामविकास निधीचा पर्याय असतो. हा निधी ग्रामपंचायतींच्याच उत्पन्नातील अल्प अंशदानातून उभा राहतो. लहान नगरपालिकांनी एकत्र येऊन रोखे काढण्याची पद्धत तामिळनाडूने २००२ मध्ये वापरली. तेथे तेरा स्थानिक संस्थांसाठी मिळून ३० कोटी ४१ लाख रुपये उभारण्यात आले. महाराष्ट्रात पुण्यानंतर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२३ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले.